पोलो जीटी टीएसआय की स्विफ्ट डिझेल: जुन्या बाजारातल्या दोन गाड्या, पारखून

चार-पाच लाख घेऊन जुनी हॅचबॅक शोधायला निघालं की २०१४ ते २०१७ च्या काळातल्या दोन गाड्या हमखास समोर येतात. चाकणच्या कारखान्यातून निघालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आणि मारुतीची स्विफ्ट व्हीडीआय. पहिली चालवून पाहिली की दुसरी नकोशी वाटते. म्हणूनच पहिली शेवटी चालवा, आधी कागद-पेन घेऊन बसा.

पोलोत १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे: १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क आणि सोबत ७ गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शून्य ते शंभर ९.७ सेकंदांत, असा कंपनीचा दावा होता आणि धडधाकट गाडी त्याच्या आसपास जातेही. खरी मजा वेगात नाही, ओव्हरटेकमध्ये आहे. खंबाटकीत ट्रकच्या मागून बाहेर निघताना पाय दाबला की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गिअर बदललेला असतो. स्विफ्टच्या १.३ डिझेलला ७५ पीएस आणि १९० न्यूटन-मीटर आहेत, पण २००० आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो. त्याच घाटात तिसऱ्यातून दुसऱ्यात यावंच लागतं. हा लॅग सवयीने सुसह्य होतो, जात मात्र नाही.

आता हिशेब. मिश्र वापरात पोलो लिटरला १२ किलोमीटर देते असं धरा. पुण्याच्या गर्दीत ती ९-१० वर येते, एक्स्प्रेसवेवर १५-१६ वर जाते. स्विफ्टचं मिश्र अ‍ॅव्हरेज १९ धरा. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये लिटर धरलं तर पोलोला किलोमीटरमागे साधारण ८ रुपये ७० पैसे लागतात आणि स्विफ्टला पावणेपाच. फरक जवळपास चार रुपयांचा. महिन्याला ५०० किलोमीटर फिरणाऱ्याला पोलोचा शौक दोन हजारांना पडतो, आणि तो करावा. २००० किलोमीटर फिरणाऱ्याला मात्र तोच शौक आठ हजारांच्या घरात जातो. शिवाय या काळातली पोलो २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली नाही. रबरी नळ्या, सील आणि इंधन पंप यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं, आणि अ‍ॅव्हरेजही थोडं घटतं.

पण पोलोचा निर्णय पेट्रोलवर होत नाही, गिअरबॉक्सवर होतो. डीक्यू२०० नावाच्या या डीएसजीत दोन कोरडे क्लच असतात, एक विषम गिअरसाठी आणि दुसरा सम गिअरसाठी. त्यांना हलवणारा पंप, प्रेशर साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर आणि कंट्रोलर हे सगळं मेकॅट्रॉनिक नावाच्या एकाच युनिटमध्ये बसवलेलं आहे. अ‍ॅक्युम्युलेटर जिथे आटे घालून बसतो तिथली अ‍ॅल्युमिनियमची भिंत वर्षानुवर्षांच्या दाबाने तडकते. तेल झिरपतं, प्रेशर टिकत नाही, पंप सतत चालत राहतो आणि एक दिवस डॅशबोर्डवर पान्याचं चिन्ह लुकलुकतं, गिअर पडेनासे होतात. गाडी भर रस्त्यात उभी राहते. नवीन मेकॅट्रॉनिकचं बिल लाखाच्या पुढे जातं. तडकलेली बॉडी बदलून देणारे जाणकार गॅरेजवाले मोठ्या शहरांत आहेत, तिथे काम बऱ्याच कमी पैशांत होतं, पण आधी ते गॅरेज शोधा आणि मग गाडी घ्या. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख ७-स्पीड डीएसजी गाड्या परत बोलावून गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढलं आणि मिनरल तेल भरलं. उष्ण-दमट हवेत त्या तेलामुळे इलेक्ट्रॉनिक्समध्ये शॉर्टसर्किट होण्याचा धोका होता. म्हणून सुरुवातीच्या २०१३ च्या गाडीत हे काम झालंय का, ते सर्व्हिस रेकॉर्डमध्ये बघाच.

पाहायला जाताना सकाळीच जा आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. तो कोमट लागला तर गाडी कुणीतरी तापवून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी या. इंजिन टायमिंग चेनचं असेल आणि थंडपणी सुरू होताना पहिले दोन-तीन सेकंद चेनच्या बाजूने खडखड आली तर चेन ताणली गेलीय किंवा टेन्शनर दमलाय. मग सपाट रस्त्यावर डी मध्ये टाकून नुसता ब्रेक सोडा, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवू नका. गाडी सुळसुळीत पुढे सरकली पाहिजे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना सीटखाली थरथर जाणवली तर क्लच संपत आलेत. एखादा हलका धक्का चालतो, थरथर चालत नाही. नंतर चढावर रिव्हर्स घ्या. आणि हे सगळं अर्धा-पाऊण तास गर्दीतून फिरवून, गिअरबॉक्स तापल्यावर परत करा. बरेच दोष थंडपणी लपतात.

शेवटी स्कॅन. फोक्सवॅगनच्या गाड्यांचे बिघाड-कोड वाचणाऱ्या व्हीसीडीएससारख्या उपकरणाने गिअरबॉक्सचा कंट्रोलर स्वतंत्र वाचून घ्या, इंजिनचा स्कॅन पुरत नाही. पी१७बीएफ किंवा पी१८९सी हे मेकॅट्रॉनिकच्या प्रेशरचे कोड, यातला एकही दिसला की उठायचं. भाव कितीही पाडून मिळाला तरी. कोड आदल्या दिवशी पुसलेले असू शकतात, त्यामुळे फिरवण्याआधी एकदा आणि फिरवून आल्यावर पुन्हा वाचा. मालक स्कॅन करू देत नसेल तर तेच उत्तर समजा.

पुढची काळजी तशी सोपी आहे. इंजिन ऑइल १५ हजार किलोमीटरवर बदला असं कंपनी सांगते. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन असलेल्या, वय झालेल्या इंजिनात ते ७-८ हजारांवर बदला, वीडब्ल्यू ५०२ ०० मानकाचंच. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, म्हणून तिथे कार्बन साचतो. थंडपणी आयडलिंग अडखळत असेल तर प्लग आणि कॉइलनंतर संशय तिथे घ्या. सिग्नलला ब्रेक पूर्ण दाबून ठेवा म्हणजे क्लच सुटे राहतात. चढावर अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी रोखून धरणं म्हणजे क्लच हाताने जाळणं.

स्विफ्टबद्दल इतकं लिहावं लागत नाही, आणि तोच तिचा गुण. तिचं इंजिन मूळचं फियाटचं मल्टीजेट. हेच इंजिन टाटा, फियाट आणि मारुती यांच्या कितीतरी गाड्यांत होतं, त्यामुळे तालुक्याच्या गावातला मेकॅनिकही ते डोळे मिटून उघडतो. बीएस-४ असल्याने डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर नाही, म्हणजे शहरात हळू चालवून फिल्टर चोंदण्याची भानगड नाही. २०२० मध्ये मारुतीने डिझेल बंद केलं, तरी सुटे भाग मुबलक मिळतात.

बिघाड ठरलेले आहेत. लाखभर किलोमीटरनंतर टर्बोतून तेल गळतं. इंटरकूलरची नळी काढून बोट फिरवा, आत ओलसर थर असणं ठीक, तेल ओघळणं नाही. इंजिन चालू ठेवून ऑइल कॅप उघडा. फसफस धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, चोंदलेला असला की पिकअप मेलेला वाटतो, तो साफ करून भागतं. खड्ड्यात स्टिअरिंगमधून कटकट आली तर रॅकचं काम आहे. त्यावर घासाघीस करा, गाडी सोडू नका.

स्विफ्टमध्ये फसवणूक होते ती मीटरमध्ये. डिझेल गाडी लोक पळवायलाच घेतात, त्यामुळे आठ वर्षांत ४५ हजार किलोमीटर दाखवणारी व्हीडीआय दिसली की क्लच पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिलई आणि ड्रायव्हर सीटची कड बघा. टायरवरच्या चार अंकांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. मीटर ४० हजार आणि टायरचा तिसरा संच, हे जुळत नाही. डिझायर बघत असाल तर टॅक्सीची शंका धरूनच बघा आणि आरसीवर आधीची नोंद तपासा.

एका बाबतीत मात्र पोलो निर्विवाद पुढे आहे. ग्लोबल एनकॅपच्या २०१४ च्या क्रॅश चाचणीत दोन एअरबॅगच्या पोलोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले, एअरबॅग नसलेल्या स्विफ्टला शून्य. जीटी टीएसआयमध्ये दोन एअरबॅग आणि गाडी घसरू न देणारं ईएसपी आहे. जुन्या व्हीडीआयमध्ये बहुधा एअरबॅग नसतात. स्विफ्टच घ्यायची तर थोडे जास्त देऊन वरच्या श्रेणीची, एअरबॅगची झेडडीआय शोधा.

महिन्याला हजार किलोमीटरच्या आत फिरणं, बाजूला ठेवलेले एक लाख आणि स्वच्छ स्कॅन या तिन्ही गोष्टी असतील तर पोलो घ्या, या किमतीत असा आनंद दुसरी गाडी देत नाही. यातली एक जरी नसली तरी स्विफ्ट. डीएसजीची धास्ती जातच नसेल आणि बजेट ताणता येत असेल तर २०२० नंतरची पोलो १.० टीएसआय ऑटोमॅटिक बघा, तिच्यात टॉर्क कन्व्हर्टरचा ६ गिअरचा बॉक्स आहे. सौदा कुठलाही झाला तरी टोकन देण्याआधी परिवहनच्या पोर्टलवर ई-चलन आणि कर्जाचा बोजा तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि मालकी बदलाच्या फॉर्म २९ व ३० वरच्या सह्या मालकाने तुमच्यासमोर करायला हव्यात.