रुग्ण कल्याण समिती की गावची आरोग्य समिती: वेळ कुठे द्यावा?

सरकारी आरोग्यसेवेवर लक्ष ठेवायला सामान्य गावकऱ्याने कोणत्या समितीत बसावं? पैशाकडे पाहिलं तर निवड सोपी वाटते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीकडे वर्षाला पावणेदोन लाखांपर्यंत निधी धरलेला असतो. अबंधित (म्हणजे ठराविक कामाला न बांधलेले) 25 हजार, देखभालीचे 50 हजार आणि समितीचे 1 लाख अशी त्याची जुनी मांडणी. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला मिळतात वर्षाला 10 हजार. पावणेदोन लाखांच्या टेबलावर खुर्ची मिळत असेल तर दहा हजारांच्या सतरंजीवर कोण बसेल? तरीही ज्याला महिन्याला एखादीच संध्याकाळ काढता येते, त्याने घाईने केंद्राकडे वळू नये, असं माझं मत आहे.

रुग्ण कल्याण समितीची खरी अडचण विषयपत्रिकेत असते. पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’, दुसरा ‘झालेल्या खर्चास कार्योत्तर मंजुरी देणे’, आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. रात्री डॉक्टर असतात का, प्रसूती कक्षात पाणी आहे का, रुग्णवाहिकेला डिझेल कुणी घातलं, हे रुग्णाचे प्रश्न या शेवटच्या ओळीत कोंबले जातात. तोवर चहा येऊन गेलेला असतो.

हे दरवेळी मुद्दाम होतं असं नाही. निधी वर्षाच्या उत्तरार्धात येतो, 31 मार्चच्या आत खर्च दाखवून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं असतं, आणि यंदाचा खर्च कमी दिसला तर पुढचा हप्ता अडतो. मग वैद्यकीय अधिकारी आधी इन्व्हर्टरची बॅटरी, झेरॉक्स, पाण्याची टाकी घेतात आणि सभा नंतर लावतात. सदस्यासमोर प्रोसिडिंग बुक येतं तेव्हा ठराव लिहून तयार असतात. सूचक-अनुमोदकांची नावंही भरलेली असतात, आपली फक्त सही राहिलेली असते. इतर सगळ्या उणिवा चालवून घेता येतील. पण जिथे निर्णय होऊन गेल्यावर बोलावतात, तिथे दरवेळी भांडून हक्क बजावावा लागतो, आणि सामान्य रुग्णाला ते फार काळ झेपत नाही. माझ्यापुरता तराजू इथेच झुकला.

अध्यक्षपदाचीही एक गोम आहे. ते सहसा त्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्याकडे असतं. मार्च 2022 मध्ये राज्यातल्या अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे दीर्घकाळ प्रशासकच होते. ज्याच्या खुर्चीवर समिती उभी, तोच नसला की सभा सरकारी कागदापुरती उरते. शिवाय 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी आरोग्य संस्थांतले उपचार मोफत झाले. रुग्णांच्या दृष्टीने ते चांगलंच झालं, पण केसपेपरच्या शुल्कातून समितीकडे येणारा स्वतःचा पैसा आटला.

गावच्या समितीतही कटकटी आहेत, फक्त निराळ्या. तिचं खातं दोन सह्यांवर चालतं. ग्रामपंचायतीची निवडणूक झाली, सरपंच बदलला की बँक नवा ठराव मागते, केवायसी मागते, आणि जुन्या सहीवर पैसे निघत नाहीत. दोन वर्षं व्यवहारच झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं. म्हणून नवी बॉडी आली की पहिल्याच सभेत सहीबदलाचा ठराव घ्यावा, दोन प्रती काढाव्यात आणि एकीवर बँकेची पोच घ्यावी. दुसरी खोड म्हणजे सगळे पैसे फिनाइल, ब्लिचिंग पावडर आणि फ्लेक्समध्ये जातात. अडल्या घराला दवाखान्यात जायला उसने देण्यासाठी फिरता निधी ठेवायला याच दहा हजारांत मुभा आहे, हे बऱ्याच सदस्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पण बसायला मिळतं महिन्याला, अंगणवाडीत, आणि निम्म्या जागा बायकांच्या असाव्यात असा नियम आहे. ज्या बाईची तपासणी झाली नाही तीच समोर बसलेली असते. महिन्यातून ठरल्या दिवशी आरोग्य व पोषण दिन असतो. त्या सकाळी जाऊन पाहायचं: वजनकाटा शून्यावर येतो का, बीपीचं मशीन चालतं का, गरोदर बाईचं पोट तपासायला आडोसा आहे का, की तिला कपड्यावरूनच चाचपून परत पाठवतात. तीनांतली दोन उत्तरं नकारार्थी आली तर त्यावर त्याच आठवड्यात काही करता येतं. पडद्याच्या कापडाला पावणेदोन लाख लागत नाहीत.

गावच्या समितीचा हात केंद्राच्या आत पोचत नाही, असं म्हणतात. ते अर्धंच खरं. सर्पदंशाच्या लशीचंच घ्या. ‘लस आहे का?’ असं विचारलं की ‘आहे’ असंच उत्तर येतं. पण विष भिनल्याची लक्षणं असली तर सुरुवातीलाच 10 कुप्या लागू शकतात, आणि कपाटात चारच असल्या तर त्या ‘आहे’चा अर्थ तालुक्याला रेफर असा होतो. म्हणून समितीने ठराव करून चार गोष्टी लेखी विचाराव्यात: आज शिल्लक कुप्या किती, मुदत कधी संपते, नवी मागणी कोणत्या तारखेला नोंदवली, आणि रात्री कपाटाची चावी कुणाकडे असते. ठराव केंद्रात देऊन आवक क्रमांक घ्यावा आणि एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी. क्रमांक पडलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. ऐनवेळच्या विषयात विचारलेला प्रश्न चहाबरोबर संपतो.

तिसरा पर्याय लोकाधारित देखरेखीचा, म्हणजे लोकांनीच आरोग्यसेवा तपासून त्रुटी जाहीरपणे मांडण्याचा. महाराष्ट्रात ती 2007 मध्ये पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत सुरू झाली. जनसुनावणीत अधिकाऱ्याला लोकांसमोर उत्तर द्यावं लागतं, ही तिची ताकद. पण मागे संस्था लागते. एकट्याने उठून जनसुनावणी लावता येत नाही.

केंद्र तुमच्याच गावात असेल, हिशेबाचा कंटाळा नसेल किंवा प्रश्न इमारतीचा असेल, तर मात्र रुग्ण कल्याण समितीच बरी. गळकं छप्पर दहा हजारांत होत नाही. जाणार असाल तर आपला विषय सभेच्या आधी लेखी द्या म्हणजे तो विषयपत्रिकेत क्रमांकाने येईल. कॅशबुक आणि खरेदीसाठी मागवलेली तिन्ही दरपत्रकं समोर मागा, तिन्हींची छपाई आणि अक्षर एकसारखं तर नाही ना ते पाहा. इतिवृत्ताची प्रत दिली नाही तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करा. 30 दिवसांची मुदत असते. आणि सही करण्याआधी शेवटच्या ठरावाखाली कोरी जागा राहिली असेल तर तिच्यावर तिरकी रेघ मारा.