तेलांचा 'इम्युनिटी' संच आणि ध्यान: आठ महिन्यांनंतर

2021 मध्ये आमच्या घरात प्रत्येकाच्या खिशात कापूर, ओवा, लवंग आणि निलगिरीच्या दोन थेंबांची पुरचुंडी होती. हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असं व्हॉट्सॲपवर आलं होतं. वाढत नाही; ऑक्सिमीटर बोटाला लावून बघितलं होतं. तरीही गेल्या जूनमध्ये 'इम्युनिटी' असं ठळक छापलेला तेलांचा संच मीच मागवला. निलगिरी, लॅव्हेंडर आणि गवती चहा, प्रत्येकी 10 मिली, वर डिफ्यूझर, म्हणजे तेलाचा वास हवेत पसरवणारं यंत्र.

आधी इम्युनिटीचं उरकते. आठ महिन्यांत दोनदा सर्दी, एकदा ताप. दरवर्षी असतं तेवढंच. निलगिरीच्या वासानं नाक मोकळं वाटतं, पण ते बरंचसं वाटण्यापुरतंच. त्यातलं सिनिओल नावाचं द्रव्य थंडावा ओळखणाऱ्या नसांना चेतवतं, आतली सूज जिथल्या तिथे राहते. रात्री तेवढ्यानंही बरं वाटतं, हे मान्य.

मग आठ महिने वापरलं कशाला? तर भावजयीमुळे. ती इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आली. तिथे सुरुवातीचे तीन दिवस नुसतं आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास बघत बसायचं. तिनं मला एवढंच सांगितलं, "वन्सं, श्वास घ्यायचा नाही, येतो तो बघायचा." ऐकायला सोपं. मी पहाटे साडेपाचला बसायचे आणि दुसऱ्या मिनिटाला डब्याच्या भाजीवर पोचायचे. पहिला महिना असाच गेला.

एकदा सर्दी होती म्हणून रुमालावर निलगिरीऐवजी चुकून लॅव्हेंडर पडलं आणि तोच मांडीवर ठेवून बसले. नाकाशी काहीतरी होतं म्हणून असेल, मन तिथे जरा टिकलं. मग रोज एक थेंब, तोच रुमाल, तीच पंधरा मिनिटं. तिसऱ्या महिन्यापर्यंत असं झालं, की वास आला की खांदे आपोआप खाली येतात. कुकरची शिट्टी झाली की हातातलं काम न थांबवता आपण आकडा मोजतोच ना, तसं. लॅव्हेंडरऐवजी मोगरा असता तरी हेच झालं असतं, असं मला वाटतं. भावजयीला हे मुळीच पटलेलं नाही. शिबिरात अगरबत्तीसुद्धा लावू देत नाहीत म्हणे, श्वास आहे तसाच बघायचा.

फरक झोपेत पडला. पूर्वी साडेतीनला जाग आली की उजाडेपर्यंत टक्क डोळे. आता दहातून सहा वेळा तरी परत डोळा लागतो. मुलगी यंदा दहावीला आहे, तरी घरात आरडाओरडा कमी, ही त्या झोपेचीच पावती.

आता तक्रारी. गवती चहाचं तेल मी नुसतंच मनगटाला लावलं. संध्याकाळी लालभडक पट्टा उठला, चार दिवस खाजत होता. नंतर कळलं, हे तेल अंगाला लावायचं तर 30 मिली खोबरेलात चारच थेंब, म्हणजे 0.7 टक्क्यांच्या आसपास. संचातल्या पत्रकात हे कुठेच नव्हतं, उलट 'कोमट पाण्यात दोन थेंब घ्या' असं होतं! पोटात अजिबात घेऊ नका. निलगिरी आणि कापूर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेलं तर फिट येऊ शकते. लॅव्हेंडरची दुसरी बाटली स्वस्तात घेतली, तीत भेसळ निघाली. कागदावर थेंब टाकला तर दुसऱ्या दिवशीही वड्याच्या कागदासारखा तेलकट डाग. चांगलं लॅव्हेंडर बहुतेक उडून जातं.

डिफ्यूझर तर दीड महिन्यातच माळ्यावर गेला. आमचा बोका लाळ गाळायला लागला, तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, घरात कसली तेलं जाळता का? मांजरांच्या यकृताला ती नीट निचरून टाकता येत नाहीत. बंद केल्यावर तो सुधारला.

लॅव्हेंडरची तिसरी बाटली गेल्या महिन्यात संपली, नवी आणलेली नाही. रुमाल अजून धुतलेला नाही. वास जेमतेमच उरलाय, पण पहाटे तोच घेऊन बसते.