मॅनिफोल्ड आणि हेडची भोके जुळत नसतील तर: जाड पॅकिंग, सिलिकॉन, फेसिंग की मधली प्लेट?

अ‍ॅम्बेसेडरचे 1489 सीसीचे पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिज कुळातले आहे. 1955 मधील एमजीए आणि 1962 पासूनची एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांची इंजिनेही त्याच कुळातली असल्यामुळे, एमजीचा दोन एसयू कार्ब्युरेटरांचा अ‍ॅल्युमिनियम मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे मिश्रण नेणारी नळ्यांची जोडणी) आपल्या हेडवर (सिलिंडरांवरच्या झाकणावर) बसवण्याचा विचार अनेक हौशी मालक करतात. स्टड (नट लावायच्या आटेदार दांड्या) जुळले तरी भोकांचा आकार आणि बसण्याची पातळी जुळेलच असे नाही, आणि मग साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या मालकासमोर चार पर्याय येतात: सांध्यात जाड पॅकिंग (गॅस्केट), सिलिकॉन, फेसिंग (फेस म्हणजे बसण्याची बाजू यंत्रावर सपाट करणे) किंवा मधली प्लेट. त्यांची तुलना करण्यापूर्वी दोष पातळीचा आहे की भोकाचा, हे ठरवले पाहिजे, कारण एकावरचा इलाज दुसऱ्यावर चालत नाही.

पातळी तपासण्यासाठी सरळ पट्टी आणि फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पाती) पुरेसे आहे, 0.10 मिलिमीटरचे पाते पट्टीखालून सहज सरकत असेल तर फेस वाकलेला समजावा. भोकासाठी पॅकिंगचा कागद आधी हेडवर आणि मग मॅनिफोल्डवर ठेवून दोन्ही कडा उमटवून घ्याव्यात, म्हणजे दोन्ही भोकांभोवती मिळून किती रुंदीचा पट्टा दाबला जाणार आहे ते दिसते. हा पट्टा कुठेही 4-5 मिलिमीटरपेक्षा अरुंद होत असेल, तर कोणतेही पॅकिंग तिथे फार काळ टिकणार नाही. या हेडला इनटेकची (मिश्रण आत येण्याची) दोनच भोके असून प्रत्येक भोक दोन सिलिंडरांना पुरवठा करते, त्यामुळे एका ठिकाणी फटीतून बाहेरची हवा आत शिरली तरी एक नव्हे, दोन सिलिंडर लंगडतात. (हेड घासले की मॅनिफोल्डही कापावा लागतो, हा समज व्ही आकाराच्या इंजिनांपुरता खरा आहे, सरळ रांगेच्या इंजिनात मॅनिफोल्ड हेडबरोबरच खाली जातो.)

सिलिकॉन सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवे आहे. साधे सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगते, मऊ पडते आणि त्याचे आत आलेले तुकडे थेट व्हॉल्व्हकडे ओढले जातात. शिवाय अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या दुपटीहून थोडे अधिक प्रसरण पावते. 400 मिलिमीटर लांबीच्या मॅनिफोल्डचे तापमान 80 अंशांनी वाढले, तर हेडच्या तुलनेत त्याची लांबी सुमारे 0.4 मिलिमीटरने जास्त वाढते, आणि तेवढी घसट सिलिकॉनचा थर दररोज सहन करत नाही. पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना पेट्रोल सहन करणाऱ्या सीलंटचा पातळ हात देणे वेगळे, पण फट भरण्यासाठी त्यावर विसंबू नये. आपल्याच ऊसपट्ट्यातून निघणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत असते. त्यामुळे मिश्रण आधीच पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी) झालेले असते आणि बारीक गळतीही पूर्वीपेक्षा लवकर जाणवते.

जाड पॅकिंग, विशेषतः आत पत्रा असलेले ग्रॅफाइटचे, पातळीतला थोडा दोष प्रामाणिकपणे झाकते. ते दबत जाते, म्हणून काही वेळा इंजिन तापून थंड झाल्यावर नट पुन्हा कसावे लागतात. भोक सरकलेले असेल तर मात्र जाडी वाढवून काहीच साधत नाही.

माझ्या मते बहुतेक गाड्यांना फेसिंगच करून घ्यावे. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात आणि मधल्या स्टडवरचे जाड वायसर दोन्ही मॅनिफोल्डांचे फ्लँज (हेडवर टेकणाऱ्या कडा) एकाच वेळी दाबतात. एका फ्लँजची जाडी दुसऱ्यापेक्षा कमी असेल, तर वायसर तिरका बसतो आणि पातळ बाजू सैल राहते. अशा वेळी पॅकिंग तीनदा बदलूनही गळती तशीच राहते आणि दोष विनाकारण पॅकिंगच्या माथी मारला जातो. म्हणून दोन्ही मॅनिफोल्ड आपापल्या जागी एकत्र बांधून एकाच सेटिंगमध्ये मिलिंगवर फेस मारावा आणि नंतर फ्लँजच्या जाड्या व्हर्नियरने मोजून सारख्या कराव्यात. 1910 पासूनची किर्लोस्करवाडी आणि साताऱ्यातील कूपर या इंजिन कारखान्यांमुळे या पट्ट्यात इंजिनकामाची जाण जुनी आहे; सातारा, कुपवाड किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत हे काम करणारा कारागीर सापडतो. मात्र त्याला केवळ ‘फेस मारा’ न सांगता वायसरची गोष्ट समजावून सांगावी.

याच वेळी भोकेही घासून जुळवता येतात. इनटेकला हेडचे भोक मॅनिफोल्डपेक्षा किंचित मोठे असले तर चालते, पण प्रवाहाच्या वाटेत हेडची कड पुढे आलेली चालत नाही. एक्झॉस्टला प्रवाह उलट असल्याने मॅनिफोल्डचे भोक मोठे हवे. घासून दाबाचा पट्टा अरुंद होणार असेल, तर आधी अ‍ॅल्युमिनियमचे वेल्डिंग करून भर घालावी लागते.

मधली अ‍ॅल्युमिनियम प्लेट भोकांचे आकारच वेगळे असतील तेव्हाच घ्यावी. 10 मिलिमीटर जाडीत एका बाजूचा दीड मिलिमीटरपर्यंतचा फरक सौम्य उताराने बसतो. त्याहून अधिक असेल तर उतार फार तीव्र होतो. सांधा एकाचे दोन होतात, स्टड लांब लागतात आणि कार्ब्युरेटर बाहेर सरकतो. शिवाय प्लेट फक्त इनटेकखाली घातली, तर त्या सामायिक वायसरखाली 10 मिलिमीटरची पायरी तयार होते, म्हणून पायरीचे वायसर खरादून घेणे भागच पडते.

काम झाल्यावर सांध्यावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून गळती शोधू नये, कारण तापलेला एक्झॉस्ट तिथेच असतो; पाण्याचा बारीक फवारा पुरे. मॅनिफोल्डमधली ओढ मोजणाऱ्या व्हॅक्यूम गेजची सुई समुद्रसपाटीला 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) दाखवते आणि दर हजार फुटांना सुमारे एक इंच कमी होते, म्हणून सुमारे 700 मीटर उंचीच्या साताऱ्यात 15 ते 19 इंचांवर स्थिर राहिलेली सुई योग्य समजावी. कार्ब्युरेटरची जुळणीही इथेच करावी, महाबळेश्वरात नाही: तिथे हवा विरळ असल्याने मिश्रण आपोआप दाट होते आणि गळती लपते, पसरणी घाटाने थ्रॉटल सोडून वाईकडे उतरताना मात्र सायलेन्सरमध्ये फटाके वाजू लागले, तर सांधा पुन्हा उघडून पाहावा.