साठ केशर कलमे, पण चिठ्ठी एकावरही नाही: एका रोपवाटिकेचा चार वर्षांचा अनुभव

जुलै २०२१ मध्ये अंबाजोगाई तालुक्यातील आमच्या पंधरा गुंठे जमिनीवर पाच बाय पाच मीटर अंतराने लावण्यासाठी मी जवळच्या एका परवानाधारक रोपवाटिकेतून केशर आंब्याची ६० कलमे १२० रुपये दराने आणली. फळझाडांच्या रोपवाटिकेविषयीचे मत झाड फळाला आल्याशिवाय लिहू नये असे मला वाटते, म्हणून इतका काळ थांबलो. गेल्या मे महिन्यात बागेने पहिली नीट फळे दिली आणि मनात तीन वर्षे असलेली शंका खरी ठरली. रोपवाटिकेचे नाव येथे देत नाही, कारण माझी तक्रार ज्या सवयीविषयी आहे ती अनेक ठिकाणी दिसते.

आधी जे चांगले आहे ते सांगतो. कलमे सशक्त होती. पिशवीतली माती भुसभुशीत होती, तळाशी मुळांची गुंडाळी झालेली नव्हती, जोड, म्हणजे कलम बांधलेली जागा, वीतभर उंचीवर आणि घट्ट भरलेला होता. पहिल्या उन्हाळ्यात ६० पैकी तीनच कलमे गेली. आमच्याकडच्या मुरमाड जमिनीत आणि एप्रिल-मेच्या उन्हात याहून चांगली जगवणूक मी इतर कोठल्या कलमांची पाहिलेली नाही. कलम बांधणाऱ्या कारागिराच्या हाताला दोष देण्यासारखे काही नाही.

दोष आहे तो चिठ्ठीचा. गाडीत कलमे भरताना एकाही पिशवीवर जातीची चिठ्ठी दिसली नाही, म्हणून मी मालकांना विचारले. ते म्हणाले, "काका, या वाफ्यात सगळं केशरच आहे, तुम्ही बिनघोर न्या." पावती मिळाली, तिच्यावर "आंबा कलमे ६०" एवढेच लिहिलेले होते. मीही ती तशीच घडी करून खिशात ठेवली. फळरोपवाटिकांविषयीचा राज्याचा कायदा १९६९ चा आहे आणि खुंट (ज्याच्यावर कलम बांधतात ते खालचे रोप) कोठला, काडी (वर बांधलेली हव्या त्या जातीची डहाळी) कोणत्या मातृवृक्षाची याची नोंद ठेवणे परवानाधारकावर बंधनकारक आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ते ठाऊक असते तर पावतीवर "केशर" हा शब्द लिहून घेतल्याशिवाय मी गाडी हलवली नसती.

जातीच्या नावाचा एवढा आग्रह कशासाठी, असे कोणाला वाटेल. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीतून एकच अंकुर निघतो आणि तो परागीकरणातून आलेला असल्याने आईसारखा निपजेलच असे नसते. म्हणून तर कलम करावे लागते आणि म्हणूनच कलमाची किंमत ही मुख्यतः त्याच्या जातीची किंमत असते. त्यातून केशरचे नावच त्याच्या गराच्या रंगावरून पडले आहे. जुनागडच्या नवाबांनी १९३४ मध्ये तो केशरी गर पाहून हे नाव दिले असे सांगतात. ज्या गुणावरून नाव पडले तो गुण फळ कापल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे पिशवीतल्या रोपट्याजवळ उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला चिठ्ठीखेरीज दुसरा आधारच नसतो. मराठवाडा केशरला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर या नावावर बागाइतदाराचा भावही ठरू लागला आहे.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती दुसऱ्या वर्षी, आळी करताना. दोन झाडांच्या जोडापाशी करंगळीएवढा वाळलेला खुंटारा होता आणि जोमाने वाढलेली फांदी त्याच्या खालून, म्हणजे जोडाच्या खालच्या भागातून निघालेली होती. काडी केव्हाच मेली होती आणि मी वर्षभर रायवळ खुंटाला पाणी घालत होतो. ही चूक रोपवाटिकेची म्हणता येणार नाही, जोडाखालची फूट वेळोवेळी खुडणे हे माझेच काम होते. मात्र आंब्याचे कलम विकत घेणाऱ्या प्रत्येकाने सर्वांत आधी जोडच पाहावा, हे मी तेव्हापासून सर्वांना सांगतो.

उरलेल्या झाडांत काही झाडे निराळी आहेत अशी शंका पालवीने आणली. शेजारच्या शिवारात एका स्नेह्यांची बारा वर्षांची केशरची बाग आहे. त्यांनी कलमे छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेतील फळ संशोधन केंद्रातून आणलेली असल्याने जातीविषयी संशय नाही. पुढच्या पालवीच्या वेळी मी त्यांच्या झाडाची आणि माझ्या झाडांची पाने एकाच दिवशी, एकाच दिशेच्या फांद्यांवरून आणि एकाच वयाची अशी तोडून ओसरीवर ओळीने मांडली. पानाची कड किती लहरते, टोक किती लांबवर निमुळते होते, देठ केवढा आहे आणि पान चुरगाळल्यावर वास कसा येतो, एवढे पाहिले. सहा झाडांची पाने त्या ओळीत बसत नव्हती. पण आंब्याचे पान पाण्यावर आणि सावलीवर लहानमोठे होते, कोवळ्या पालवीचा रंग तर दिवसागणिक पालटतो, त्यामुळे पानावरून शंका घ्यावी, निकाल देऊ नये. मी त्या सहा झाडांच्या बुंध्याला सुतळीने क्रमांक बांधले आणि वाट पाहिली.

निकाल अढीने दिला. मे महिन्यात प्रत्येक झाडाची दोन-दोन फळे त्या झाडाच्या क्रमांकाच्या कागदात गुंडाळून वाळल्या गवतावर घातली. ४९ झाडांच्या फळांना टोकाशी केशरची ती ओळखीची वळलेली चोच होती, कापल्यावर गर गडद केशरी निघाला आणि वासाने ओसरी भरून गेली. सहापैकी पाच झाडांची फळे लांबट, गुळगुळीत आणि बिनचोचीची होती, साल पिवळी, गर बिनधाग्याचा आणि कोय हातात घेतल्यावर बोटाला जाणवेल इतकी पातळ आणि चपटी. ती दशेरी आहेत याविषयी आता मला शंका नाही. दशेरी हा गोड आणि नामांकित आंबा आहे, तो वाईट निघाला असे मी म्हणत नाही. मी केशर मागितला होता आणि केशरच्या पेटीत दशेरी घालणे मला जमणार नाही. सहाव्या झाडाला फळ धरलेच नाही, त्यामुळे ते अजून अनोळखीच आहे.

हा हिशेब कागदावर मांडून, फळांसह मी रोपवाटिकेत गेलो. मालकांनी वाद घातला नाही, हे आवर्जून नोंदवतो. त्यांनी फळे पाहिली, कारागिराला बोलावले आणि विचारपूस केली, तेव्हा कळले की त्या हंगामात केशर आणि दशेरी या दोन्ही मातृवृक्षांच्या काड्या एकाच सकाळी कापून ओल्या गोणपाटात एकत्र ठेवल्या गेल्या होत्या. पाच झाडांच्या बदल्यात त्यांनी पाच नवी कलमे देऊ केली. मी ती घेतली नाहीत, कारण चार वर्षांच्या झाडाच्या जागी पिशवीतले रोप लावल्याने चार वर्षे परत येत नाहीत. त्याऐवजी त्यांच्या कारागिराने माझ्या शेतावर यावे अशी विनंती केली आणि तो आला. आंबे उतरल्यावर पाचही झाडांच्या मुख्य फांद्या छाटून कापांना बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशी रोखणारा लेप, लावले होते. पावसात आलेल्या नव्या फुटव्यांवर त्याने ऑगस्टमध्ये, स्नेह्यांच्या बागेतून मी स्वतः आणलेल्या केशरच्या काड्यांची मृदुकाष्ठ कलमे बांधली. मजुरी घेतली नाही. सतरापैकी तेरा कलमे फुटली आहेत. एवढ्यापुरती सेवा मला उत्तम वाटली.

तरीही या रोपवाटिकेची शिफारस मी पूर्ण मनाने करू शकत नाही. रोपांच्या निगेसाठी मी तिला पाचपैकी चार गुण देईन, नोंदी आणि चिठ्ठ्यांसाठी एकच. जे जाणार असतील त्यांनी प्रत्येक पिशवीवर जात लिहिलेली चिठ्ठी मागावी, पावतीवर जातीचे नाव आणि संख्या लिहून घ्यावी, आणि शक्य झाल्यास मातृवृक्ष दाखवण्यास सांगावे. मालक तो दाखवतात, मी नंतर पाहिला आहे.

दिवाळीनंतर पुन्हा तेथे जाणे झाले. आंब्याच्या वाफ्यात आता प्रत्येक कलमाला प्लॅस्टिकची पिवळी पट्टी आहे आणि तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने जात, खुंट आणि कलम बांधल्याचा महिना लिहिलेला आहे. शेजारच्या सीताफळाच्या वाफ्यात बालानगर आणि एनएमके-१ ही कलमे मात्र अजून एकमेकांना लागून, बिनचिठ्ठीची उभी आहेत. ते मी मालकांच्या कानावर घातले आहे.