चंदेरी रंगाखालचा जुना मास्टर सिलिंडर

वडिलांच्या १९८६ सालच्या प्रीमियर पद्मिनीचं ब्रेक पेडल सिग्नलला दाबून धरलं की हळूहळू खाली बसायला लागलं. गळती कुठेच नाही, चारही चाकं आतून कोरडी, टाकीतलं ब्रेक ऑइल जागच्या जागी. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइलवर दाब देणारं नळकांडं, त्यातला रबरी कप गेला की असंच होतं: दाब आतल्या आत निसटतो आणि ऑइल बाहेर न येता मागे फिरतं. गॅरेजवाल्यानेही हेच निदान केलं. निदान बरोबर होतं, लबाडी त्याच्या पुढची.

बिलात नवा मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांचे नवे व्हील सिलिंडर, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणारी छोटी नळकांडी. नामांकित कंपनीची खोकीही दाखवली. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, "भंगारात गेले साहेब, त्यांचं काय लोणचं घालायचंय?" पेडल मात्र कडक लागत होतं.

थोड्याच दिवसांत ते पुन्हा बसू लागलं. बॉनेट उघडलं तर मास्टर सिलिंडरचा चंदेरी रंग पोपडे धरून सुटत होता. ब्रेक ऑइल रंग खातं. पाइपच्या जोडापाशी जरा सांडलं होतं, तिथे नखाने रंग निघाला आणि खाली गंजलेलं जुनं बीड, म्हणजे ओतीव लोखंड! दुसऱ्या मिस्त्रीने तो सिलिंडर खोलला. बोअरमध्ये, म्हणजे आतल्या पोकळीत, पॉलिश पेपरचे ओरखडे, गंजाचे खड्डे तसेच, आणि त्यावर नवं रबर. ते टिकणार कसं? व्हील सिलिंडरच्या मागचे बोल्ट तर जुन्या चिखलाने लिंपलेले, पाना लागल्याची खूणही नाही.

जाब विचारला तर उत्तर तयार: "गंज धरू नये म्हणून आम्ही रंग मारतोच." पैसे अर्थातच बुडाले. हेच पेडल खंबाटकी घाटाच्या उतारावर बसलं असतं तर, हा विचार अजून अंगावर येतो.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीही बंद झाल्या. या गाडीत हात बसलेले मिस्त्री आता शोधावे लागतात, आणि हौशी मालकाकडून पैसे काढणं सोपं झालंय.

गॅरेजला जाण्याआधी घरीच पाहा. पेडल मिनिटभर दाबून धरल्यावर बसत गेलं आणि गळती नसली, तर संशय मास्टर सिलिंडरवर. दोन-तीन पंप मारल्यावर वर येत असेल तर लाइनमध्ये हवा किंवा ब्रेक लायनरचं अ‍ॅडजस्टमेंट ढिलं. त्यासाठी सिलिंडर बदलायचं कारण नाही. चाक जाम होऊन तापत असेल आणि चाकामागचं हवा काढायचं निपल सैल करताच मोकळं होत असेल तर दाब अडकतोय. बऱ्याचदा चाकाकडे जाणारा रबरी होज पाइप आतून फुगलेला असतो, तो स्वस्तात बदलतो.

ब्रेक ऑइल सीलबंद बाटलीतलंच घ्या. ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट ३ या प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सियस असतो, ओलं झाल्यावर १४० पर्यंत उतरू शकतो. पार्ट शक्यतो स्वतः आणून द्या, बसवताना उभे राहा, जुना हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नव्या म्हणून बसवलेल्या सिलिंडरला रंग असलाच तर ब्रेक ऑइलमध्ये भिजवलेला बोळा थोडा वेळ लावून ठेवा. खाली कोरं बीड निघतं की गंज, ते तिथेच दिसेल.