जर्मनीतली पिल्त्सबेराटुंग: रानातली मशरूम कढईत पडण्याआधीची तपासणी

सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस होऊन गेला की बव्हेरिया, श्वार्त्सवाल्ड आणि हार्त्समधल्या स्प्रूस-पाइनच्या जंगलांत टोपल्या घेतलेली माणसं दिसू लागतात. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनाही शेजारी किंवा ऑफिसातले लोक हौसेने बरोबर नेतात. घरी आल्यावर मात्र प्रश्न उभा राहतो: यातलं खायचं काय? त्याचं भरवशाचं उत्तर पिल्त्सबेराटुंग या तपासणी सेवेकडे मिळतं. इथे परीक्षा दिलेले जाणकार तुमची टोपली एकेक मशरूम उलटून पाहतात. यातल्या अनेकांना १९२१ साली स्थापन झालेल्या जर्मन कवकशास्त्र संस्थेचं प्रमाणपत्र असतं आणि त्यांची यादी पिनकोडनुसार संस्थेच्या संकेतस्थळावर सापडते. काम बहुतेक ठिकाणी मोफत किंवा किरकोळ शुल्कात होतं.

या सेवेचा खरा कस लागतो तो सारख्या दिसणाऱ्या जोड्यांवर. एकाच कुजक्या बुंध्यावर खाण्याजोगं श्टॉकश्वेमशेन आणि जीवघेणं गिफ्टहॉयब्लिंग अगदी शेजारी-शेजारी उगवू शकतं. दोन्ही लहान, मधाळ तपकिरी, दोन्हींच्या देठाला कडं. फरक कड्याच्या खाली पाहायचा. श्टॉकश्वेमशेनचा देठ तिथे बारीक, उभ्या राहिलेल्या खवल्यांनी खरखरीत असतो, तर गिफ्टहॉयब्लिंगच्या देठावर नुसते रुपेरी उभे धागे असतात. त्यात अमाटॉक्सिन असतं, म्हणजे डेथ कॅप या प्राणघातक मशरूममधलं तेच यकृत निकामी करणारं विष. म्हणून जाणकार माणूस घोसातलं एक पाहून बाकीची सोडत नाही, प्रत्येक देठ फिरवून बघतो. फोनवरच्या ॲपला वरून काढलेल्या फोटोत हा भाग दिसतच नाही. ॲप नाव सुचवायला ठीक आहे, पण खायची परवानगी त्याच्याकडून घेऊ नये. प्रमाणित तपासनीसही फोटो पाहून 'खा' असं सांगत नाहीत.

दुसरी जोडी जिवावर बेतत नाही, पण सगळं जेवण वाया घालवते. खाण्याजोगा कोवळा श्टाइनपिल्त्स (पोर्चिनी) आणि कडू कोवळा गालेनरोर्लिंग जवळजवळ जुळे दिसतात. श्टाइनपिल्त्सच्या देठावर तपकिरी रंगावर पांढुरकी जाळी असते, गालेनरोर्लिंगच्या देठावर फिक्या रंगावर गडद आणि ठसठशीत जाळी. छत्रीखालचा स्पंजासारखा थर वय वाढेल तसा श्टाइनपिल्त्समध्ये पिवळसर-हिरवट होतो, गालेनरोर्लिंगमध्ये गुलाबी. तरी शंका राहिली तर कणभर तुकडा जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकतात. कारल्याला लाजवील असा कडूपणा लगेच कळतो. एक जरी कढईत गेलं तरी सगळी भाजी कडू होते. ही चव घेण्याची रीत मात्र सरसकट वापरायची नाही. छत्रीखाली पात्यांसारखे पडदे असलेलं अनोळखी मशरूम जिभेला लावू नये.

स्प्रूसखालच्या शेवाळात आणि ब्लूबेरीच्या झुडपांत उगवणारं कॉर्टिनारियस रुबेलस हे विषारी मशरूम तर नीट ओळखून ठेवावं असं आहे: नारिंगी-तपकिरी रंग, मध्ये टोकदार उंचवटा, देठावर पिवळसर पट्टे. त्याचं ओरेलानिन हे विष मूत्रपिंडांवर जातं आणि लक्षणं दोन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत कधीही दिसू शकतात. तोवर काय खाल्लं होतं हेही माणूस विसरतो. फिफरलिंग (शँटरेल) या खाण्याजोग्या मशरूमचे नातेवाईक घाईघाईने मूठ-मूठ खुडताना हे टोपलीत येतं. फिफरलिंगच्या छत्रीखाली सुटे पडदे नसतात. तिथे देठावर उतरत गेलेल्या, फाटे फुटलेल्या जाड शिरा असतात आणि त्या नखाने सुट्या होत नाहीत. अंगठ्याने सरकवल्यावर पडदे निघून आले तर ते फिफरलिंग नव्हे.

सेवेचा उपयोग किती होईल हे बरंचसं तुम्ही माल कसा नेता यावर आहे. मशरूम चाकूने वरच्या वर कापू नका. अनोळखी असेल तर बुडापासून हलकेच फिरवून किंवा उकरून काढा, कारण अमानिता वंशातल्या विषारी जातींची खूण, म्हणजे बुडाशी असलेली पिशवी, कापल्यावर मातीतच राहते. एका जातीचे लहान, मध्यम, मोठे असे दोन-तीन नमुने वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा आणि जवळचं झाड कोणतं होतं ते लिहून ठेवा. केशरी चीक येणाऱ्यांत पाइनखालचं एक आणि स्प्रूसखालचं दुसरं असा भेद असतो, तिथे ही नोंद कामाला येते. प्लास्टिकची पिशवी नकोच. उबेने आणि ओलाव्याने चांगलं मशरूमही काही तासांत सडू लागतं आणि त्यानेही विषबाधा होते. घरी सोलून, चिरून नेलं तर तपासनीस हात लावणार नाही. चिरलेल्या ढिगात विषारी तुकडा सापडला तर सगळा ढीग कचऱ्यात जातो आणि तेच बरोबर आहे.

कोकण-गोव्यातून गेलेल्यांनी एक गोष्ट पक्की धरावी. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी ओळखणारी नजर इथे चालत नाही. स्प्रूसच्या जंगलात पांढरंशुभ्र, नाजूक दिसणारं मशरूम जीवघेणं अमानिता विरोसा असू शकतं. २०१५ मध्ये जर्मनीत नव्याने आलेल्या निर्वासितांना त्यांच्या देशातल्या खाण्याजोग्या मशरूमसारखं समजून डेथ कॅप खाल्ल्याने विषबाधा झाली होती, ती याच गफलतीतून.

उणिवाही आहेत. वेळा तोकड्या असतात, हंगामात रांग लागते, बोलणं बहुधा जर्मनमध्येच होतं आणि खेड्यांत जवळचा तपासनीस बराच लांब असू शकतो. पूर्व जर्मनीत ही व्यवस्था सरकारी होती, आज ती बरीचशी स्वयंसेवकांच्या खांद्यावर आहे. म्हणून जंगलात जाण्याआधीच तपासणीची वेळ ठरवून ठेवा आणि मर्यादेत तोडा. श्टाइनपिल्त्स, फिफरलिंगसारख्या संरक्षित जाती फक्त घरच्यापुरत्या घेता येतात, अनेक ठिकाणी दिवसाला माणशी एक किलो ही मर्यादा धरतात.

किरणोत्सर्ग मात्र या तपासणीत मोजला जात नाही. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातातलं सीझियम-१३७ दक्षिण बव्हेरियाच्या आणि बव्हेरियन फॉरेस्टच्या मातीत अजून आहे. मारोने हे तपकिरी टोपीचं, दाबलं की निळं पडणारं मशरूम ते शोषून घेतं. विक्रीसाठी किलोमागे ६०० बेकेरल (किरणोत्सर्ग मोजण्याचं एकक) ही मर्यादा आहे, स्वतः तोडलेल्याला ती लागू नाही. मारोने कच्चं खाऊ नये, १५-२० मिनिटं नीट शिजवावं. आणि मोठ्या माणसाने रानातली मशरूम आठवड्याला २५० ग्रॅमच्या आत ठेवावीत, मग तपासनीसाने टोपली कितीही चांगली म्हटलेली असो.