पहिल्याच सिनेमात छाप पाडणारे : कॉलेज रोडवरच्या फिल्म क्लबचे शनिवारचे खेळ

नाशिकच्या कॉलेज रोडवर एका छोट्या फिल्म क्लबाने सध्या शनिवारी संध्याकाळी नटांच्या पहिल्या भूमिकांचे सिनेमे लावलेत. निवड अव्वल, प्रोजेक्शन ढिसाळ. नवख्या नटाला ही ढिलाई फार महागात पडते. मुरलेला नट संवादफेकीवर वेळ मारून नेतो. नवख्याजवळ असतो तो चेहरा, चाल आणि कच्चा आवाज. तेच बिघडलं की काय बघायचं?

‘श्यामची आई’ (१९५३) घ्या. माधव वझेंचा श्याम इथे चक्क गुटगुटीत दिसला, कारण ४:३ चं (रुंदी चार, उंची तीन अशा प्रमाणाचं) चित्र १६:९ च्या रुंद पडदाभर ताणलं होतं. प्रोजेक्टरच्या मेनूत ‘अ‍ॅस्पेक्ट’ ४:३ वर ठेवायचं, बस्स. बाजूला काळ्या पट्ट्या येतात, त्या येऊ द्याव्यात. आई झालेल्या वनमालाबाईंसमोरचं त्या पोराचं अवघडून उभं राहणं तेव्हाच नीट कळतं.

‘फँड्री’ला (२०१३) चित्र स्वच्छ होतं. सोमनाथ अवघडेचा जब्या जत्रेत बेभान नाचत असतो आणि बाप त्याला डोक्यावर गॅसबत्ती धरायला लावतो. नाचणारं अंग एकदम आखडतं, मान ताठ होते, नजर मात्र लोकांना चुकवत राहते. याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला यात नवल नाही. पण शेवटी त्याने भिरकावलेला दगड आपल्या दिशेने येतो, पडदा काळा होतो, आणि नेमके त्याच क्षणी हॉलचे दिवे लागले! ‘अंकुर’लाही (१९७४) तेच. शबाना आझमींचं पहिलंच काम, त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार. तिथेही शेवटी एक पोरगा दगड मारतो, काच फुटते आणि पडदा लाल होतो. तो लाल रंग ट्यूबलाइटच्या उजेडात फिका पडला. श्रेयनामावली संपेपर्यंत बटणाला हात लावू नये.

एक उणीव मनापासून खटकते. ‘कालिया मर्दन’ (१९१९) नाशकातल्याच कंपनीत बनला, तरी यादीत नाही. दादासाहेब फाळक्यांची मुलगी मंदाकिनी त्याआधी ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये दिसली होती, म्हणजे ही तिची पहिली भूमिका नव्हे, पण ‘कालिया मर्दन’च्या सुरुवातीलाच नुसत्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव दाखवणारी ती चिमुरडी बघायलाच हवी. लावलाच तर वेग सांभाळा. मूकपट साधारण सेकंदाला १६ ते १८ फ्रेमने चित्रित व्हायचे. २४ ने चालवले की माणसं तुरुतुरु पळतात. प्रत तशी २४ ची असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.७५ करा, १८ फ्रेम मिळतात.

पुढचा खेळ ‘कोर्ट’चा. नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यात लोकशाहीर नारायण कांबळे झालेत, आणि मंचावर गाताना कुठेही अभिनय करतोय असं वाटत नाही. संवाद मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी असे मिसळलेले असल्याने उपशीर्षकं लागतात. मागच्या रांगांतून खालची ओळ पुढच्यांच्या डोक्यांआड जाते, तेव्हा लवकर पोचून तिसऱ्या-चौथ्या रांगेत मधोमध बसा.